जुन्या आलिशान मोटारीची निवड

नवी असताना चाळीस लाखांच्या घरात विकली गेलेली मोटार बारा-तेरा वर्षांनी आठ-दहा लाखांत मिळू लागते, आणि तेवढ्याच रकमेत येणाऱ्या एखाद्या लहान नव्या मोटारीशी तिची तुलना करणाऱ्याच्या मनाला मोह पडावा, यात अस्वाभाविक असे काहीच नाही. महामार्गावर ताशी शंभरच्या वेगातही न हलणारी बैठक, बाहेरचा कोलाहल बाहेरच ठेवणारे दरवाजे, लांबच्या प्रवासानंतरही पाठ न दुखू देणारी आसने ही सुखे खरी आहेत, आणि त्यांची इच्छा धरण्यात कमीपणा नाही. परंतु घसारा लागतो तो मोटारीच्या विक्रीमूल्याला; तिच्या इंजेक्टरच्या, गिअरबॉक्सच्या किंवा हेडलाइटच्या किमतीला तो लागत नाही, ही गोष्ट सौदा करणाऱ्याच्या ध्यानात बहुधा उशिरा येते. आठ लाखांना घेतलेल्या गाडीचे सुटे भाग चाळीस लाखांच्या गाडीच्याच दराने विकत घ्यावे लागतात. म्हणून अशा मोटारीची निवड करताना तिचा आजचा भाव हा प्रमुख निकष मानू नये. तिचा पूर्वेतिहास, तिच्या यंत्ररचनेतील ज्ञात दोष आणि ते दूर करू शकणारे हात आपल्या गावात आहेत की नाहीत, यांचा विचार आधी करावा व भावाचा नंतर, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे या वर्गातील जुन्या गाड्यांचा बाजार मुख्यतः तीन जर्मन घराण्यांनी व्यापलेला आहे. मर्सिडीझ-बेंझने 1995 साली पिंपरीला टेल्कोच्या आवारात ई-क्लासची जुळणी सुरू केली आणि पुढे 2009 मध्ये चाकणला स्वतंत्र कारखाना उभारला. बीएमडब्ल्यूचा चेन्नईजवळचा कारखाना 2007 साली सुरू झाला. आणि ऑडीच्या गाड्या त्याच सुमारास औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, शेंद्र्याच्या स्कोडाच्या कारखान्यात जोडल्या जाऊ लागल्या. या इतिहासाचा खरेदीदाराला प्रत्यक्ष लाभ असा की, या तीन नाममुद्रांच्या गाड्या खोलून जोडण्याचा अनुभव असलेले, पूर्वी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी केलेले आणि आता स्वतःचे गॅरेज चालविणारे कुशल मिस्त्री पुण्या-मुंबईत आढळतात. जॅग्वार किंवा व्हॉल्व्हो वाईट आहेत असे नव्हे. पण त्यांच्या जुन्या गाड्यांना हे पाठबळ त्या मानाने फार थोडे मिळते, आणि जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्याने तर त्यांच्या वाटेला न जाणे श्रेयस्कर.

तेव्हा गाडी शोधण्यापूर्वी मिस्त्री शोधावा. ज्याच्याजवळ त्या विशिष्ट कंपनीच्या गाड्यांचे संगणकीय निदान करणारे यंत्र आहे, म्हणजे मर्सिडीझसाठी झेन्ट्री, बीएमडब्ल्यूसाठी इस्टा किंवा ऑडीसाठी व्हीसीडीएस, आणि जो बदललेल्या भागांचे बिल व जुना भाग दोन्ही ग्राहकाच्या हाती ठेवतो, अशा माणसाशी आधी परिचय करून घ्यावा. कोणत्या गाडीचे काम आपण आनंदाने करतो आणि कोणती गाडी दारात आली की आपल्याला संकट वाटते, हे त्यालाच विचारावे. त्याचे उत्तर कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक मोलाचे असते.

आता प्रत्यक्ष गाड्यांकडे वळू. आज या किमतीच्या टप्प्यात जिच्याभोवती विचार फिरतो ती पिढी म्हणजे 2009 ते 2016 या काळातील ई-क्लास, जिला कंपनीच्या परिभाषेत डब्ल्यू 212 म्हणतात. 2010 ते 2017 मधील बीएमडब्ल्यूची 5 सिरीज, अर्थात एफ 10. आणि 2011 पासूनची ऑडी ए 6, अर्थात सी 7. तिघींचे बाह्यरूप आजही जुने वाटत नाही. परंतु तिघींच्या पोटातील इंजिने व गिअरबॉक्स यांत इतकी भिन्नता आहे की, केवळ नाममुद्रेवरून निर्णय घेणारा माणूस एकाच कंपनीच्या दोन गाड्यांतील चांगली सोडून वाईट गाडी घरी आणण्याचा संभव फार.

ई-क्लासमध्ये आपल्याकडे सर्वाधिक आढळते ती 250 सीडीआय, 2143 सीसीचे चार सिलिंडरचे, दोन टर्बो लावलेले डिझेल इंजिन असलेली. हे इंजिन मूलतः दणकट असले तरी त्याच्या आरंभीच्या उत्पादनात बसविलेले डेल्फी कंपनीचे पिएझो इंजेक्टर सदोष निघाले, आणि कंपनीला पुढे त्यांच्या जागी वेगळ्या, सोलेनॉइड जातीच्या इंजेक्टरांची तजवीज करावी लागली. त्यामुळे 2009 ते 2011 या वर्षांतील गाडी पाहताना इंजेक्टर बदलले गेले काय, केव्हा व कोठे, हा पहिला प्रश्न असावा, आणि उत्तर तोंडी न घेता बिलाच्या रूपाने मागावे. या गाड्यांपैकी आधीच्यांना पाच गतींचा जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. त्याला गतींची संख्या कमी म्हणून नाक मुरडू नये, कारण नंतरच्या सात गतींच्या गिअरबॉक्सपेक्षा तो अधिक सहनशील असून त्याची दुरुस्ती सामान्य गॅरेजातही होऊ शकते. सहा सिलिंडरची 350 सीडीआय चालवावयास फार सुखद. मात्र तिच्या इंजिनाच्या दोन सिलिंडररांगांच्या मधल्या खळग्यात बसविलेल्या ऑइल कूलरची सीले कालांतराने गळू लागतात, आणि मूळ भाग स्वस्त असूनही तेथवर पोहोचण्यासाठी टर्बोसह इंजिनाचा वरचा सारा डोलारा उतरवावा लागत असल्याने मजुरीच भारी पडते.

बीएमडब्ल्यूच्या 520 डी विषयी मला थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण बाजारात हीच गाडी सर्वांत विपुल आणि सर्वांत मोहक भावात उपलब्ध आहे. तिच्या एन 47 या डिझेल इंजिनात क्रँकशाफ्टपासून कॅमशाफ्टपर्यंत गती नेणारी टायमिंग चेन इंजिनाच्या पुढच्या अंगास नसून मागच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या अंगास बसविलेली आहे. चेन ज्या प्लॅस्टिकच्या मार्गिकांवरून सरकते त्या झिजल्या की चेन सैल पडते, आणि ती तुटली किंवा दाते सोडून पुढे सरकली तर वर येणारे पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळून इंजिनाचा पुरता नाश होतो. हा दोष 2007 ते 2011 या काळातील इंजिनांत विशेष दिसून आला. पुढे सुधारणा झाल्या, तरी चेनची जागा बदलली नाही, आणि ती बदलावयाची म्हणजे गिअरबॉक्स किंवा इंजिन उतरविल्यावाचून गत्यंतर नाही. पंचवीस हजार किलोमीटरपर्यंत ऑइल न बदलण्याची मुभा देणारे कंपनीचे वेळापत्रक या झिजेला साहाय्यभूत झाले, असे अनेक जाणते मिस्त्री सांगतात, आणि मला त्यांचे म्हणणे सयुक्तिक वाटते. म्हणून ज्या गाडीचे ऑइल दर दहा हजार किलोमीटरला बदलल्याच्या नोंदी आहेत ती दुसरीपेक्षा दीड लाख रुपये महाग असली तरी स्वस्तच समजावी. चेनची परीक्षा अवघड नाही. इंजिन पूर्ण गार असताना ते सुरू करावे आणि मागच्या बाजूने, गाडीच्या समोरच्या काचेच्या मुळाशी कान देऊन, खरडल्यासारखा धातूचा आवाज येतो का ते ऐकावे. याच गाडीसंबंधी आणखी एक गोष्ट: 2018 साली दक्षिण कोरियात 520 डी गाड्यांना आगी लागण्याचे प्रकार घडले, त्यांचे मूळ धुराच्या नळीमार्गातील ईजीआर कूलरमधून होणाऱ्या कूलंटच्या गळतीत सापडले, आणि जगभरातून सुमारे 16 लाख डिझेल गाड्या तपासणीसाठी परत बोलाविल्या गेल्या; तेव्हा आपण पाहत असलेल्या गाडीचा चासी क्रमांक अधिकृत विक्रेत्याकडे देऊन ते काम तिला लागू होते काय व झाले काय, याची खातरजमा अवश्य करावी.

याच घराण्यातील 530 डी मात्र वेगळ्या तोलाची आहे. तिचे तीन लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन आणि झेडएफ कंपनीचा आठ गतींचा गिअरबॉक्स ही जोडी या पिढीतील सर्वोत्तम यांत्रिक जुळणी होय, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही. गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभर पुरते, असे गाडीची कंपनी सांगते. परंतु प्रत्यक्ष गिअरबॉक्स बनविणारी झेडएफ ते 80,000 ते 1,20,000 किलोमीटरच्या दरम्यान बदलण्याची शिफारस करते, आणि अशा प्रसंगी बनविणाऱ्याचे ऐकावे. बीएमडब्ल्यू घेणाऱ्याने टायरचा खर्चही हिशेबात धरावा, कारण या गाड्यांना बहुधा स्टेपनी नसते. रन-फ्लॅट टायर हवा गेल्यावरही ताशी 80 च्या वेगाने सुमारे 80 किलोमीटर चालतात खरे, पण त्यांच्या ताठ कडा आपल्या खड्ड्यांत फुगतात व फाटतात.

ऑडी ए 6 तिघींत अंतर्गत सजावटीच्या दृष्टीने सर्वांत देखणी आहे, हे निःसंशय. तथापि 2.0 टीडीआय या तिच्या सर्वसामान्य रूपात 2014 सालापर्यंत मल्टीट्रॉनिक नावाचा, साखळीवर चालणारा गिअरबॉक्स असे. तो झटके देऊ लागला की दुरुस्ती करणारे थोडे आणि खर्च मोठा. शिवाय 2015 साली उघडकीस आलेल्या फोक्सवॅगनच्या उत्सर्जन-प्रकरणात याच जातीचे इंजिन होते व भारतातही त्या समूहाने सुमारे 3 लाख 23 हजार गाड्या दुरुस्तीसाठी बोलाविल्या होत्या. 3.0 टीडीआय क्वाट्रो ही पावसाळी घाटरस्त्यावर चारही चाकांनी जमीन धरणारी गाडी मला मनापासून आवडते. परंतु तिच्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सचे तेल दर 60,000 किलोमीटरला बदलल्याचा पुरावा नसेल, तर आवड बाजूस ठेवावी. ऑडीच्या पुढच्या चाकांना धरून ठेवणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या अनेक भुजांचे बुशही आपल्या रस्त्यांवर लवकर झिजतात, आणि त्या सामान्यतः एकत्र बदलाव्या लागतात.

पेट्रोलचे काय, असे कोणी विचारील. ज्याचे वर्षाचे फिरणे सात-आठ हजार किलोमीटरच्या आत आणि तेही शहरातल्या शहरात, त्याने डिझेलच्या नादी लागूच नये, कारण पूर्ण न तापता बंद होणाऱ्या डिझेल इंजिनात काजळी साचत जाते. अशा खरेदीदाराला आरंभीच्या 5 सिरीजमधील सहा सिलिंडरचे, टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन मी सुचवीन. त्याचा विजेवर चालणारा वॉटर पंप मात्र एकदा बदलावा लागणार, हे गृहीत धरावे.

याच रकमेत आणखी जुनी एस-क्लास, 7 सिरीज किंवा ए 8 मिळते, आणि येथेच अनेकांचा तोल जातो. या श्रेष्ठ वर्गातील गाड्या, काही पूर्णपणे तर काही मागच्या अंगास, पोलादी स्प्रिंगऐवजी हवेने भरलेल्या रबरी पिशव्यांवर तरंगत असतात. रबर जुने झाले, की त्याला सूक्ष्म भेगा पडतात. हवा निसटू लागली, की ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर अखंड धावू लागतो. आणि अखेर पिशवीबरोबर कॉम्प्रेसरही जळून जातो. गाडी रात्रभर सपाट जागी उभी करून सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी चारही कोपऱ्यांची उंची पाहिल्यास ही व्याधी लपत नाही. तरीही चालकासह नोकरचाकर ठेवण्याइतके उत्पन्न नसेल, तर या वर्गाकडे पाहू नये, असाच माझा सल्ला आहे. पोलादी स्प्रिंगवरील उत्तम ई-क्लास ही हवेवरील मध्यम एस-क्लासपेक्षा वर्षाच्या तीनशे पासष्टही दिवस अधिक सुख देते.

गाडी पाहावयास जाताना विक्रेत्याला आदल्या दिवशी बजावून ठेवावे, की इंजिन आपल्या समक्षच सुरू व्हावयास हवे. पोहोचताच बॉनेटवर हात ठेवून ते गार असल्याची खात्री करावी. पहिल्या धुराचा रंग निळा असेल तर इंजिन ऑइल जाळते, दाट पांढरा धूर सतत राहिला तर कूलंट आत जात असण्याचा संशय घ्यावा. मग स्कॅनर लावावा. येथे एक युक्ती चालते तिची वाचकांना कल्पना असावी: आदल्या रात्री सारे दोष-संकेत पुसून टाकले, की यंत्राच्या पडद्यावर गाडी निर्दोष दिसते, परंतु त्याच यंत्रात अंतर्गत चाचण्या पूर्ण झाल्या आहेत की नाहीत हेही दिसते, आणि त्या सगळ्याच अपूर्ण असतील तर स्मृती नुकतीच पुसली गेली आहे, हे ओळखावे. मीटरवरील किलोमीटरचा आकडाही गाडीच्या अन्य नियंत्रकांत व कधीकधी चावीतही नोंदलेला असतो, त्याच्याशी मीटर ताडून पाहावा. टायरच्या कडेवर चार अंकांचा शिक्का असतो. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. तीस हजार चाललेली म्हणून सांगितलेल्या गाडीचे चारही टायर दुसऱ्यांदा बदललेले असतील, तर तो आकडा खोटा समजावा.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाड्यांबद्दल विशेष सावधगिरी बाळगावी. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, 2015 मध्ये चेन्नई बुडाली, 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीत पाणी शिरले. अशा प्रत्येक प्रसंगानंतर विमा कंपन्यांनी लिलावात काढलेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. या जर्मन गाड्यांचे अनेक विद्युत नियंत्रक पायाखालच्या गालिच्याखाली किंवा डिकीच्या तळाशी बसविलेले असल्याने पाण्याचा परिणाम महिन्यांनी प्रकट होतो. गालिचा उचलून खालचा फोम हाताने दाबावा, सीटच्या रुळांवरील गंज पाहावा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी गाळाची रेघ आहे का ते तपासावे. सनरूफच्या तुंबलेल्या नळ्यांमुळेही असेच पाणी आत झिरपते, ते पुराचे नसले तरी हानी तीच करते.

दस्तऐवजांचे काम कंटाळवाणे, पण ते दलालावर सोपवून मोकळे होऊ नये. आरसीवरील चासी व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवर पाहावेत. बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचा फॉर्म 35 व बँकेचा ना हरकत दाखला मागावा. थकलेली ई-चलने विक्रेत्याकडून भरून घ्यावीत. हस्तांतरासाठी फॉर्म 29 व 30 दोन्ही आपल्यासमोर सही करून घ्यावेत. मोटार वाहन कायद्यानुसार खरेदीदाराने 30 दिवसांच्या आत हस्तांतराची वर्दी द्यावयाची असते, आणि विमाही 14 दिवसांत आपल्या नावे करून घ्यावयाचा असतो. पूर्वीच्या विमापत्रांच्या प्रती मिळाल्या तर फारच उत्तम. नो-क्लेम बोनस कोणत्या वर्षी तुटला ते पाहिले, की अपघाताचे वर्ष आपोआप कळते.

दिल्लीहून येणाऱ्या स्वस्त गाड्यांचा उल्लेख टाळता येत नाही. दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राजधानी परिसरात हरित न्यायाधिकरणाने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कायम केली, आणि पुढे त्या हुकुमात फेरफार होत गेले तरी तेथील मालकांच्या मनातील धास्ती गेलेली नाही. म्हणून तेथे भाव उतरलेले दिसतात. पण ती गाडी महाराष्ट्रात आणून वर्षाहून अधिक ठेवावयाची तर फॉर्म 28 चा दाखला, येथील कर, नवा क्रमांक आणि आर.टी.ओ.च्या फेऱ्या हे सारे आपल्या पदरी येते. हा हिशेब कागदावर मांडल्यावर फरक बहुधा उरत नाही, आणि गाडीचा पूर्वेतिहास विचारण्याजोगा माणूस मात्र दीड हजार किलोमीटर दूर राहतो. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, हेही विसरू नये: 2012 साली नोंदलेल्या गाडीची मुदत 2027 मध्ये संपते, त्यानंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण मिळते, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि नूतनीकरणाचे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 रुपयांवर गेले आहे.

खरेदीच्या किमतीच्या निदान चौथ्या हिश्शाइतकी रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळी काढून ठेवावी. ती शक्य नसेल तर तितक्याने स्वस्त गाडी न घेता साध्या वर्गातील, एखादी जुनी होंडा अकॉर्ड किंवा टोयोटा कॅमरी घ्यावी, आणि त्यात कमीपणा मानू नये. सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावर किंवा दिल्लीच्या मायापुरीत वापरलेले मिळतात. दरवाजा, आरसा, हेडलाइट यांपुरते ते ठीक, परंतु ब्रेक, स्टिअरिंग व एअरबॅग यांसाठी नवाच भाग वापरावा.

तिन्ही गाड्या सारख्याच किमतीत समोर उभ्या असतील, तर इंजेक्टर बदललेल्या व संपूर्ण बिले असलेल्या ई 250 सीडीआयला माझा पहिला कौल. स्वतः चालविण्याची हौस असलेल्यास 530 डी. चेनचे काम झाल्याचा पुरावा असेल तरच 520 डी. आणि मल्टीट्रॉनिकची ए 6 कोणत्याही भावात नाही. गाडी दारात आली, की पहिल्याच आठवड्यात इंजिनाचे व गिअरबॉक्सचे तेल, कूलंट आणि ब्रेक फ्लुइड बदलून घ्या, त्या दिवसाची तारीख व मीटरवरील आकडा एका वहीत लिहा, आणि पुढचे इंजिन ऑइल दहा हजार किलोमीटरच्या आत बदला.